कान वाचवणारी गोळी

‘बेडाक्विलिन’ हे नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? क्रोसिन, कॉम्बिफ्लाम ही मंडळी आपल्या घरातलीच झालीत. पण हे नाव उच्चारतानाच जीभ अडखळते. ज्या घरात कुणी औषधाला दाद न देणाऱ्या टीबीशी झगडत असतं, त्याच घरात ते ऐकू येतं आणि तेही दार लोटून घेतल्यावर, हळू आवाजात.

कल्याण-डोंबिवली आणि ठाण्याच्या भागात आम्ही पाच-सहा जणी टीबीच्या रुग्णांच्या घरी जात असतो. काम काही मोठं नाही. गोळ्या चालू आहेत ना, पोटात काही जातंय ना, घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का, एवढं विचारायचं आणि दोन घटका बसायचं. मी कला शाखेची पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण या घरांमधून फिरताना इतके प्रश्न कानावर पडले की, डॉक्टरांना विचारून, वाचून, समजेल तेवढं समजून घ्यावंच लागलं. आज त्यातल्या एका गोळीविषयी लिहिते, मैत्रिणींनो. कारण ही गोळी येण्याआधीचे दिवस मी पाहिलेत आणि त्या दिवसांतल्या काही बायकांना आज माझं बोलणं ओठांवरून वाचावं लागतं.

कोळसेवाडीतल्या एका चाळीत एक बाई होत्या. चाळिशीच्या आतल्या. साध्या टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या, बरं वाटायला लागलं म्हणून. वर्षभराने आजार परत आला तो वेगळ्याच रूपात. थुंकीच्या तपासणीत एमडीआर निघाला. म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या दोन मुख्य औषधांना जंतू आता भीक घालत नव्हते. मग दोन वर्षांचा उपचार सुरू झाला. रोज मूठभर गोळ्या आणि पहिले सहा महिने, कधी त्याहून जास्त, रविवार सोडून रोज कानामायसिनचं इंजेक्शन. बसायला जागा उरली नव्हती हो, असं त्या हसत हसत सांगायच्या. चौथ्या महिन्यात त्यांच्या मुलीच्या लक्षात आलं की आईला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. भात करपायला लागला. दाराची बेल वाजली तरी त्या वळेनात. सासूबाई म्हणाल्या, “मुद्दाम करते.”

मुद्दाम कसलं! कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात अतिशय बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाजाच्या लहरी त्या टिपतात. कानामायसिन या पेशी मारतं. आधी तीव्र, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे शिट्टी, बेल, चिमण्यांची चिवचिव. मग हळूहळू माणसांचं बोलणंही विरत जातं. आपल्या शरीरात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. गेलं ते गेलंच. टीबी बरा झाला आणि कान गेले, अशा कितीतरी जणी निघाल्या. ‘जीव वाचला हे काय कमी आहे?’ असं त्यांना ऐकवलं जायचं. म्हणजे ऐकू येत असतं तर ऐकवलं गेलं असतं!

आता या गोळीकडे वळूया. बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीच्या प्रयोगशाळेत कून आंद्रीस नावाच्या शास्त्रज्ञाच्या चमूने ती शोधली. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो आणि धोकादायकही असतो. म्हणून त्यांनी त्याचा एक निरुपद्रवी, भराभर वाढणारा चुलतभाऊ घेतला आणि त्याच्यावर हजारो रसायनं एकेक करून घालून पाहिली. त्यातलं एक लागू पडलं. २००५ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. अमेरिकेत परवानगी मिळाली डिसेंबर २०१२ मध्ये. टीबीवर पूर्णपणे नव्या पद्धतीने काम करणारं औषध त्याआधी चाळीसएक वर्षांत आलंच नव्हतं. माणूस चंद्रावर जाऊन आला, हातात मोबाइल आले, पण गरिबांच्या आजारासाठी नवी गोळी शोधायला कुणाला सवड नव्हती. असो.

ही गोळी करते काय? ते मला समजायला बराच वेळ लागला, पण समजलं तेव्हा गंमत वाटली.

कुठल्याही जिवाला जगायला वीज लागते, तशी जंतूलाही. त्याची वीज म्हणजे एटीपी नावाचा एक पदार्थ. तो तयार करायला जंतूच्या आवरणात एक इवलंसं चाक बसवलेलं असतं. आपल्याकडे खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र आहे ना, १९१५ पासूनचं? घाटमाथ्यावर पाणी साठवायचं, नळांतून खाली सोडायचं, त्या जोरावर चाक फिरवायचं आणि वीज काढायची. जंतूच्या आत हुबेहूब हाच खेळ चालतो. फक्त पाण्याच्या जागी प्रोटॉन नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. आवरणाच्या एका बाजूला ते साठतात, चाकातून दुसऱ्या बाजूला येतात, चाक गरगर फिरतं आणि एटीपी तयार होतं. बेडाक्विलिन जाऊन नेमकं त्या चाकाच्या पात्यांमध्ये पाचरीसारखं अडकतं. चाक थांबलं की वीज बंद.

हे कळलं कसं? ती युक्तीही ऐकण्यासारखी आहे. या औषधालाही जे जंतू पुरून उरले, असे मोजके जंतू शास्त्रज्ञांनी मुद्दाम वाढवले आणि त्यांची जनुकं वाचून काढली. बदल सापडला तो या चाकाच्याच जनुकात. चोराने कुलूप बदललं, त्यावरून किल्ली कुठली ते ओळखलं, म्हणा ना.

जुनी बरीचशी औषधं जंतू वाढत असताना, नवीन भिंती बांधत असताना त्याला गाठतात. टीबीचा जंतू मात्र भारी लबाड. तो महिनोन् महिने निजून राहतो. निजलेल्याच्या भिंती कोण पाडणार? पण आपण गावाला गेलो, घराला कुलूप असलं, तरी फ्रिज चालू असतो, मीटर हळू का होईना फिरत असतं. निजलेल्या जंतूलाही थोडी वीज लागतेच. तीच तोडली तर तो निजल्या जागीच मरतो. या गोळीचं मोठेपण यात आहे.

आणखी एक, म्हणजे ही गोळी लगेच काम करत नाही. लाइट गेली की चाळीतला पंप बंद पडतो, पण गच्चीवरच्या टाकीत पाणी असतं तोवर नळाला येत राहतं. तसाच जंतूकडेही साठा असतो. म्हणून पहिले काही दिवस फारसे जंतू मरत नाहीत. नंतर मात्र पटापट मरतात. ‘चार दिवस झाले, काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्या बायकांना मी हे टाकीचं उदाहरण देते आणि ते त्यांना लगेच पटतं. आमच्याकडे पाण्याची टाकी कुणाला समजावून सांगावी लागत नाही!

एका शिक्षिकेने मला विचारलं होतं, “पण ताई, असलं चाक आपल्याही पेशींत असेल ना? मग ते नाही अडकत?” प्रश्न अगदी रास्त. आपल्या पेशींतही असं चाक असतं. पण त्याची घडण वेगळी आहे. प्रयोगशाळेत मोजून पाहिलं तेव्हा माणसाचं चाक अडवायला वीस हजार पटींहूनही जास्त औषध लागेल असं दिसलं. चाक अडवण्याखेरीज हे औषध आवरणातून प्रोटॉन गळू देतं, म्हणजे धरणालाच भोक पाडतं, असं काही संशोधक मानतात. त्यावर त्यांच्यात अजून वाद चालू आहे. चालू दे. आपल्याला वीज बंद झाल्याशी मतलब.

आता हे इंजेक्शन नसून गोळी का, तेही सांगते. औषधाचा रेणू छोटा असला की गोळी करणं सोपं, असं साधारण मानतात. इन्सुलिनचा रेणू मोठा, म्हणून ते टोचावं लागतं. बेडाक्विलिनचा रेणू त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. पण कानामायसिनचाही रेणू काही मोठा नाही! फरक स्वभावाचा आहे. कानामायसिन पाण्यात रमणारं, आतडं ते आत घेतच नाही, म्हणून सुई. बेडाक्विलिन स्निग्ध पदार्थांत रमणारं. म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं असतं. रिकाम्या पोटी घेतलं तर निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं. शिवाय ते शरीरातल्या चरबीत मुरतं आणि औषध थांबल्यावरही कित्येक महिने थोडं थोडं उतरत राहतं. म्हणूनच पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम आणि मग आठवड्यातून तीनदाच २०० मिलिग्रॅम, असा हिशेब ठरला. तीनदा म्हटल्यावर घरच्यांना वाटतं, औषध कमी केलं, म्हणजे आजार कमी झाला. तसं काही नसतं.

औषध सापडणं वेगळं आणि ते आपल्यापर्यंत पोचणं वेगळं. इथे मुंबईची गोष्ट सांगायलाच हवी. २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडियांनी अशा चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली की, ज्यांच्या जंतूंवर तपासून पाहिलेलं एकही औषध चालत नव्हतं. केवढी खळबळ उडाली होती तेव्हा! आणि वर्षभरात ही नवी गोळी अमेरिकेत मंजूरही झाली. पण आपल्या सरकारी कार्यक्रमात ती आली मार्च २०१६ मध्ये, तीही देशातल्या फक्त सहा केंद्रांत. ‘जपून वापरू’ हे सरकारचं म्हणणं. ते अगदी चुकीचं होतं असं नाही. एकटी गोळी दिली, अर्धवट दिली, तर जंतू तिलाही सरावतात. पण जपण्याच्या नावाखाली माणसं थांबून राहिली. पाटण्याच्या अठरा वर्षांच्या एका मुलीला ‘तू दिल्लीची रहिवासी नाहीस’ म्हणून दिल्लीत ही गोळी नाकारली गेली. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये औषधाचा मार्ग मोकळा झाला. पण तोवर फुप्फुसं फार खराब झाली होती. २०१८ मध्ये ती गेली.

आणि किंमत? श्रीमंत देशांत सहा महिन्यांच्या औषधाला तीस हजार डॉलर, मधल्या देशांना तीन हजार, गरिबांना नऊशे, असा सुरुवातीचा भाव. भारताला पहिल्यांदा देणगीत मिळालं. पण देणगीवर किती दिवस काढणार? पेटंट होतं जुलै २०२३ पर्यंत. ते संपायच्या आत, औषधाच्या क्षाराच्या रूपावर आणखी एक पेटंट घेऊन मुदत चार वर्षं लांबवायची, असा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा बेत होता.

त्याला आडव्या आल्या दोन बायका. एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, पत्रकार आणि भरतनाट्यम नर्तकी. दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघी टीबीतून उठलेल्या आणि दोघींचेही कान याच इंजेक्शनांनी गेलेले. नंदिता सतरा-अठराची असताना तिला पहिल्यांदा पोटाचा टीबी झाला, २०१३ मध्ये तो उलटला आणि त्याच वर्षी ऐकू येणं बंद झालं. नंतर ती पुन्हा रंगमंचावर नाचली. तबला-मृदंग न ऐकता ताल कसा धरला असेल, याचा विचार करून पाहा एकदा. या दोघींनी २०१९ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या पाठबळाने आपल्या पेटंट कार्यालयात हरकत नोंदवली. म्हणणं सरळ होतं. जुन्याच औषधाचं रूप थोडं बदललं म्हणजे नवा शोध लागला असं होत नाही, आपल्या कायद्यातच तसं कलम आहे, ३ (ड). चार वर्षं चाललं. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैत जुनं पेटंट संपलं आणि आपल्या मुंबईच्याच ल्युपिन कंपनीची गोळी पुढे आली. गरीब देशांसाठी औषधं खरेदी करणाऱ्या जागतिक यंत्रणेला २०२० मध्ये जे औषध ३४० डॉलरला पडत होतं, ते २०२३ मध्ये मूळ कंपनीनेच १३० वर आणलं.

ज्यांना या गोळीचा स्वतःला काही उपयोग होणार नव्हता, ज्यांचे कान आता परत येणार नव्हते, त्यांनी हे केलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मधल्या काळात इंजेक्शनंही मागे पडली. दक्षिण आफ्रिकेने २०१८ मध्ये सुईऐवजी ही गोळी द्यायचं ठरवलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही सुईला मागच्या बाकावर बसवलं. आपल्याकडे २०२१ च्या नियमावलीत सगळं तोंडाने घ्यायचे उपचार आले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आणखी छोट्या उपचाराला मंजुरी दिली. त्यात बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि गरजेप्रमाणे मॉक्सिफ्लॉक्सासिन. दोन वर्षांचं काम सहा महिन्यांवर आलं. सरकारी केंद्रात हे फुकट मिळतं. पूर्वी कल्याणहून लोक शिवडीच्या रुग्णालयात खेटे घालायचे, कुर्ल्याला गाडी बदलून, तोंडाला रुमाल बांधून, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून देवाला नवस करत. आता गोळ्या घराजवळच्या केंद्रातून घेता येतात. पण सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. २०२४ च्या सुरुवातीला साध्या टीबीच्या गोळ्यांचाही देशभर तुटवडा पडला होता आणि आमच्या बायका पाकिटं मोजत बसल्या होत्या.

आता घरातलं सांगते, कारण औषधाची खरी परीक्षा तिथेच होते.

आंबिवलीकडची एक सून गोळ्या कणगीमागे लपवून ठेवायची. “सासूबाईंना पित्ताच्या म्हणून सांगितल्यात, ताई.” जेवणाबरोबर घ्यायची गोळी ती पहाटे पाचला, उपाशीपोटी, सगळे उठायच्या आत घ्यायची. सगळ्यांची ताटं झाल्यावर दुपारी दोनला हिचं पहिलं जेवण. औषध लागू कसं पडणार? तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन मी ते चाक, ती टाकी सगळं समजावलं. तो रिक्षा चालवतो, चाक लगेच कळलं त्याला. “म्हणजे पोळीबरोबरच पाहिजे ना? मग माझ्यासोबतच बसेल ती जेवायला.” सासूबाईंना शेवटी सांगितलंच. आकाश काही कोसळलं नाही. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी अंडी उकडून दिली.

काही जणींना सहा महिन्यांचा संच चालत नाही, मग लांबचा उपचार द्यावा लागतो. त्यात क्लोफाझिमिन नावाची गोळी असू शकते. तिच्याने कातडी तांबूस-काळपट होते. लग्नाच्या वयाच्या मुली याच गोळीला घाबरतात आणि आयाही. “रंग गेला तर कोण करील हिला?” एका आईने तर मुलीच्या पाकिटातून तेवढीच गोळी काढून टाकायला सुरुवात केली होती. रंग औषध थांबल्यावर हळूहळू परत येतो, महिने लागतात, पण येतो. एक गोळी काढली की बाकीच्यांवर भार येतो आणि जंतूला बेडाक्विलिनची सवय लागायला हीच संधी मिळते. एकट्या गोळीला जंतू हरवू शकतो, चार एकदम आल्या तर नाही. अशी सवय लागलेले जंतू जगात सापडू लागलेत, म्हणून हे जरा कडक शब्दांत सांगावं लागतं.

या गोळीने कान वाचले तरी ती हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतरही अधूनमधून ईसीजी काढायचा असतो. ‘छातीत काही दुखत नाही, मग कशाला?’ असं म्हणून तो टाळू नका. चक्कर आली, छातीत धडधडलं तर लगेच सांगा. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, रक्त कमी होतं, नजर अंधुक होऊ शकते. पायाच्या मुंग्या आपण बायका ‘उभं राहून काम केलं म्हणून’ म्हणत अंगावर काढतो. या उपचारात तसं करू नका. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. प्रीटोमॅनिड असलेला संच अशा वेळी सहसा देत नाहीत, डॉक्टर दुसरा मार्ग काढतात. आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे साध्या सर्दी-तापाला गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगायला विसरू नका, काही औषधांशी तिचं जमत नाही.

खाण्यासाठी सरकार ‘निक्षय पोषण’ योजनेतून पैसे देतं. एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. बँक खात्यात जमा होतात. ते कुणाच्या खात्यात जातात आणि कशावर खर्च होतात, हे मात्र जरा डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. एका घरी त्यातून नवऱ्याच्या मोबाइलचं रिचार्ज झालं होतं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, यातलं काही असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. सीबीनॅट नावाच्या यंत्रात दोनेक तासांत टीबी आहे का हे कळतं आणि रिफाम्पिसिन चालणार की नाही तेही. ती दुसरी गोष्ट पहिल्याच दिवशी कळली तर चुकीच्या गोळ्यांत महिने जात नाहीत. घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सोबत न्या. सरकारी मदतवाणीचा क्रमांक १८००-११-६६६६, फोन फुकट आहे. तिथे नाव सांगायला लाज वाटत असेल तर आधी नुसती चौकशी करा.